बांधकाम खर्चाचा एक टक्का बिल्डरकडून शहरातल्या शिल्पांसाठी घ्यायचा ठरवलं, तर ठाणे-नवी मुंबईत ते चालेल का?

चालेल. फक्त तो टक्का गेटच्या आत खर्च होता कामा नये. शिल्पकार आहे, आणि या बाबतीत हात पोळलेला आहे, म्हणून लिहितोय.

बारा वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका संकुलासाठी मी काळ्या दगडाची होडी केली. नऊ फुटी, पालथी, डागडुजीसाठी खाडीकाठी उलटी घालतात तशी. कळव्याच्या शेडमध्ये पाच महिने गेले. फळ्यांचे सांधे वाटावेत म्हणून टाकीच्या खुणा मुद्दाम घासल्या नव्हत्या. प्लॉटपुढची पट्टी रस्तारुंदीत गेली होती, तिथे बसस्टॉपशेजारी ती बसवायची असं बिल्डरशी बोलणं झालं होतं. लोक टेकतील, पोरं चढतील, म्हणून तर पालथी.

प्रोजेक्टचा आर्किटेक्ट माझा मेहुणा. तो म्हणाला, "दाजी, बाहेर ठेवलीत तर आठवड्यात पानाने लाल होईल. आत घेऊ." महिनाभर भांडलो. होडी आत गेली. ब्रोशरवर झळकली. माझा शेवटचा हप्ता ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, आल्यावर मिळणार होता. ओसी आली, हप्ता नाही आला.

पुढे सोसायटी झाली. एका गणपतीत कमिटीने होडीला सोनेरी ऑइलपेंट फासला. दगडाला! टाकीच्या खुणांत बसलेला तो रंग अजून तिथेच आहे. पानाची पिंक निदान पाण्याने गेली असती. मागच्या वर्षी बघायला गेलो, तर टँकर वळायला अडचण होते म्हणून होडी जनरेटरच्या मागे सरकवलेली. फोटोसाठी मोबाईल काढला तर वॉचमन म्हणाला, "काका, सेक्रेटरींना विचारावं लागेल."

आता तुमचा प्रश्न. फ्रान्समध्ये सरकारी इमारतींसाठी हा एक टक्का १९५१ पासून आहे, सुरुवात शाळांपासून झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९५९ पासून, पुनर्विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर बांधणाऱ्याला तो द्यावा लागतो. मुद्दा जमिनीचा आहे. नवी मुंबईत सिडको भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. निविदेतच अट घातली तर काम सोपं. ठाण्यात जमीन बहुतेक खासगी, तिथे अट बांधकाम परवानगीला जोडावी लागेल. शंभर कोटींच्या बांधकामामागे एक कोटी येतो, म्हणजे पैसा कमी नाही. 'सीएसआरमधून करू' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. कंपनीने नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला देण्याचा तो नियम ठराविक नफा-उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना लागू, आणि भागीदारीत चालणारा बिल्डर त्यात येतच नाही.

कलाकार असाल तर जागेचा नकाशा करारालाच जोडा, पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे वेगळे लिहून घ्या. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ वाचा: काम विकल्यावरही त्याची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगलांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प परत आणि पाच लाख भरपाई द्यायला लावली. हे कलम मला तेव्हा माहीत असतं तर सोनेरी रंगाच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस गेली असती. अर्थात सव्वीस वर्षं लढायची ताकद माझ्यात नाही, हेही खरं.

बिल्डरबद्दलही एक सांगायला हवं: शेवटचा हप्ता सोडला तर त्याने पैसे वेळेवर दिले, आणि दगड निवडताना एकदाही घासाघीस केली नाही. मेहुण्याचंही एक बरोबर होतं. रस्तारुंदीत गेलेली पट्टी पालिकेची, तिथे साधा बाक ठेवायलाही परवानगी लागते, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्या पाच महिन्यांत मी पालिकेत एकदाही गेलो नाही.