संस्थेची ट्रंक उघडण्याआधी

जुन्या दप्तरांबद्दल सातारा-सांगलीकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या संस्थेची जुनी कागदपत्रं माळ्यावर चार पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. प्रोसिडिंग बुकं (सभांच्या कामकाजाच्या वह्या), कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावतीपुस्तकं, मुलांचे अर्ज, फोटो असं सगळं आहे. सुट्टीत चार मुलं बसवून ते विषयवार लावायचा विचार आहे. सुरुवात कशी करावी? (कराड)

उत्तर : विषयवार लावू नका, ही पहिली विनंती. धान्यमागणीची चिठ्ठी, वाण्याची पावती आणि त्या महिन्याची मुलांची हजेरी एकाच दोऱ्यात बांधलेली सापडली, तर त्या तीन कागदांवरून कोठीत काय आलं आणि किती मुलं जेवली हे समजतं. चिठ्ठी ‘पत्रव्यवहारा’त, पावती ‘हिशेबा’त आणि हजेरी ‘विद्यार्थ्यां’त गेली की ते पुन्हा जुळवता येत नाही. ज्याने ते बांधलं त्याच्या डोक्यातला क्रम तसाच राहू द्या. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही रुमालाच्या (कापडात बांधलेल्या गठ्ठ्याच्या) क्रमांकाने मागवले जातात, ते उगाच नाही.

ट्रंक उघडली की आधी वरून एक फोटो घ्या. ट्रंकेला 1, तिच्यातल्या पहिल्या गठ्ठ्याला 1/1, पुढच्याला 1/2 असे आकडे द्या. कागदावर लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलनेच, तेही मागच्या कोपऱ्यात. एका वहीत गठ्ठ्याचा क्रमांक, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, काय आहे, अंदाजे किती पानं आणि अवस्था (वाळवी, ओल, तुटकं) एवढंच टिपा. चारही ट्रंकांची अशी यादी पुरी होईपर्यंत स्कॅनरला हात लावायचा नाही. बहुतेक ठिकाणी उत्साह पहिल्या ट्रंकेच्या स्कॅनिंगमध्येच संपतो आणि उरलेल्या तीन ट्रंकांत काय आहे, ते कुणालाच कळत नाही.

गंजलेली टाचणी उपसून काढू नका. गंज कागदाला धरून बसतो आणि टाचणीबरोबर कोपराही निघतो. टाचणीच्या वर आणि खाली जाड प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, मग टाचणी हळूच मागे सरकते. रबरबँडऐवजी सुती नाडी वापरा. गुंडाळायला खळ धुऊन काढलेलं कोरं मांजरपाट चांगलं. लाल कापडाचा रंग ओल लागली की कागदावर उतरतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावावी. बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, तसली खळ इथे चालत नाही, कारण मोरचुदातल्या तांब्यामुळे कागद लवकर कुजतो. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. ट्रंका जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुट्या ठेवल्या, महिन्यातून एकदा उघडून पाहिल्या, तर कसर आणि वाळवी वेळेत दिसते.

कीर्द वाचताना 12-6-3 असा आकडा दिसला, तर तो 12 रुपये 6 आणे 3 पै असा वाचायचा. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासूनची, पण जुन्या हाताचे कारकून नंतरही काही दिवस आणे लिहीत. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदीला 79.

प्रोसिडिंग बुक आणि जमीन-इमारतीचे कागद कधीच रद्दीत जाऊ नयेत. एखादं प्रोसिडिंग बुक हरवलंच असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट 1 चा (संस्थेच्या तिथल्या नोंदीचा) उतारा आणि जुन्या बदल अर्जांच्या (विश्वस्त बदलल्याच्या अर्जांच्या) प्रमाणित प्रती मागा. कोण कधी विश्वस्त होतं, एवढं तरी त्यातून जुळतं.

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या मंडळाचं कपाट बुडालं. रजिस्टरं उन्हात वाळवली. काहींची पानं चिकटली आहेत, काहींवर काळे ठिपके आहेत. आता काय करावं? (सांगली)

उत्तर : चिकटलेली पानं सुरीने सोडवू नका. साध्या कागदाची पानं अनुभवी संवर्धकाच्या हातून सुटू शकतात. स्मरणिकेचा गुळगुळीत आर्ट पेपर मात्र एकदा चिकटून वाळला की त्याची वीट होते, त्यावर खर्च करू नका. त्याच स्मरणिकेची दुसरी प्रत जुन्या सभासदांकडे शोधा.

काळे ठिपके बुरशीचे. एन-95 मास्क लावून, उघड्या पण सावलीच्या जागी, मऊ ब्रशने एकाच दिशेने, अंगापासून लांब झटका. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी कागदात मुरते. डेटॉल, फिनेल काही लावू नका.

कृष्णेला पुन्हा पूर येणार आहे. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. म्हणून कपाट आधी वरच्या मजल्यावर हलवा. तरीही भिजलंच, तर बुरशी धरायला साधारण 48 तास लागतात, तेवढाच वेळ हाताशी असतो. वाळवणं जमत नसेल, तर गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये (उणे 18 अंश) ठेवा आणि नंतर सवडीने थोडे थोडे काढून पंख्याखाली वाळवा. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज जवळ असतं खरं, पण तिथे कागद गोठत नाही, बुरशी फक्त मंदावते. फोटो गोठवू नका. स्वच्छ पाण्यात हलवून चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. पाण्याने धुऊन जाणारी निळी शाई असेल, तर ते रजिस्टर पाण्यात अजिबात बुडवू नका.

प्रश्न : धरणग्रस्त आणि पाणी-चळवळीची शे-दीडशे पत्रकं जमली आहेत. निम्म्यांवर साल नाही, ‘रविवार दि. 15 मार्च’ एवढंच असतं. साल कसं काढायचं? (वाळवा तालुका)

उत्तर : वार आणि तारीख यांची जोडी 5, 6 किंवा 11 वर्षांनी परत येते. तुमचा रविवार, 15 मार्च हा 1970 ते 2000 या काळात 1970, 1981, 1987, 1992 आणि 1998 ला येतो. पाचांपैकी एक निवडायला कागदच मदत करतो. पत्रक उलटं करून बोट फिरवा. अक्षरं उठलेली लागली तर ते खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छापखान्यातलं, गुळगुळीत लागलं तर ऑफसेट किंवा झेरॉक्स. सायक्लोस्टाइलची (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या जुन्या यंत्राची) शाई कडेला तेलकट पसरलेली दिसते. पत्त्यात पिनकोड असेल तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर 1949 ते 1960 मधलं, कारण सांगली हे नाव जिल्ह्याला 1960 ला मिळालं. तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव-गाव असतं, ते तेव्हा कायद्यानेच छापावं लागे. तो छापखाना कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला, हे गावातले जुने लोक सांगतात.

अंदाजाने काढलेलं साल चौकोनी कंसात लिहा, [1981?] असं. आणि पत्रक कुणाच्या घरून मिळालं, हे त्याच दिवशी टिपा. वर्षभराने ते आठवत नाही.

प्रश्न : आजीने 1950 च्या सुमारास साताऱ्यात कॉलेज केलं. तिच्या पदवीची नोंद शिवाजी विद्यापीठात नाही म्हणतात. (सातारा)

उत्तर : बरोबर सांगतात. शिवाजी विद्यापीठ 1962 चं. त्याआधी, 1949 पासून, ही कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती आणि त्याआधी मुंबईकडे. पदवीचं साल पाहून अर्ज करा. साल माहीत नसेल तर कॉलेजचे वार्षिक अंक चाळा, स्नेहसंमेलनाच्या आणि निकालाच्या पानांवर नावं मिळतात.

प्रश्न : वसतिगृहाची जुनी विद्यार्थी रजिस्टरं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करावीत का? (मिरज)

उत्तर : स्कॅन करा, खुली करू नका. त्यांत जात, पालकांची परिस्थिती, आजार, फी थकल्याचे शेरे असतात आणि त्यांतले कित्येक जण आज हयात आहेत. ज्याची नोंद त्याला किंवा वारसाला उतारा द्यावा. जात पडताळणीसाठी 1950, 1961 आणि 1967 पूर्वीच्या (अनुक्रमे अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्गासाठीच्या) नोंदी शोधत लोक येतात, म्हणून मूळ रजिस्टर कुलपात राहू द्या. ते कुणाच्याही हाती बाहेर जाऊ देऊ नका, फोटो आपल्या माणसानेच काढावा.

स्कॅन मजकुराला 300 डीपीआय (एका इंचात किती ठिपके), फोटोंना 600. ए-फोर पान 300 डीपीआयला रंगीत टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या चित्र-फाइलीत) सुमारे 26 एमबी होतं, म्हणजे 400 पानी रजिस्टर 10 जीबीच्या आसपास. दोन हार्डडिस्क घ्या आणि एक दुसऱ्या गावात ठेवा. फाइलचं नाव गठ्ठ्याच्या क्रमांकावरूनच द्या, ‘जुने रजिस्टर नवीन फायनल’ असं नको. व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात.