लेबर रूममध्ये नवीन आहेस ना?

अगं, घाबरू नकोस. नवीन मुली मॉनिटरकडे बघत बसतात, बाईकडे नाही. तू आधी पोटावर हात ठेव. दहा मिनिटांत किती कळा, प्रत्येक किती सेकंद, हे हाताला कळायला हवं. कळ ओसरताच बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोज: ११० ते १६० असायला हवेत.

खरी गफलत बाळंतपणानंतर होते. बाळ रडलं की सगळे सैलावतात! पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी गर्भाशय चाचप. घट्ट हवं. मऊ लागलं तर चोळायला लाग आणि तिथूनच सीनियरला हाक मार. नुसतं पॅड बघून भागत नाही, रक्त कमरेखाली साचतं.

पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, त्या त्या वेळीच भर. बडोद्यात आहेस, तेव्हा बाईशी गुजरातीतच बोल, मोडकं चालेल. व्हॅक्यूम-फोर्सेप्सचं, म्हणजे बाळ ओढून काढायच्या साधनांचं, सध्या डोक्यात घेऊ नकोस.