पटावरचे प्रश्न : समोरचा संघ खेळायलाच बसला नाही तर?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की 2022 ला चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडला, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेला, पाकिस्तानचा संघ भारतात येऊन एकही डाव न खेळता परत गेला. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी ओपनिंगचे आणि एंडगेमचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात नक्की घेतो.

सर, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, गंगापूर रोडला क्लासला येतो. तुमचं वाचून त्याने विचारलं की ते लोक इतक्या लांब येऊन परत का गेले, आणि आपण त्यांच्याशी खेळायचं की नाही खेळायचं? मला काही धड सांगता आलं नाही. – एक आई, इंदिरानगर

ताई, आधी काय झालं ते सांगतो. ती स्पर्धा मुळात रशियात होणार होती. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, ती रशियाकडून काढून घेतली, मार्चमध्ये चेन्नईचं नाव नक्की झालं आणि चार महिन्यांत चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला सगळं उभं राहिलं, 28 जुलैला उद्घाटन. त्याआधी ऑलिंपियाडची मशाल देशातल्या 75 शहरांतून फिरवली होती, ती काश्मीरमधूनही गेली, त्यावर पाकिस्तान सरकारने आक्षेप घेतला आणि ऐन उद्घाटनाच्या दिवशी माघार जाहीर केली. खेळाडू तोपर्यंत इथे पोचले होते. बॅगा भरून, व्हिसाच्या रांगा लावून, घरच्यांना टाटा करून आलेली माणसं, आणि एक प्यादं पुढे न टाकता परत.

मुलाला एवढंच सांगा की ते घाबरून गेले नाहीत आणि रागावूनही गेले नाहीत, त्यांना परत बोलावलं. अशी कुठलीही बातमी आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की हे ठरवलं कोणी? खेळाडूने स्वतः, का त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी? अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच सुटतो.

आणि खेळायचं की नाही म्हणाल, तर पेअरिंग लागलं, म्हणजे कोणासमोर कोण ते ठरलं, की बसायचं, हात मिळवायचा, घड्याळ सुरू करायचं. 2024 ला बुडापेस्टला भारताने खुल्या गटात आणि महिला गटात दोन्हीकडे सुवर्ण जिंकलं, आपला नाशिकचा विदित गुजराथी त्या खुल्या गटाच्या संघात होता हे तुमच्या मुलाला माहीत असेलच. पण तिथेच पाकिस्तानचे खेळाडू आपला तिरंगा हातात धरून फोटो काढत होते, तो व्हिडिओ मोबाईलवर खूप फिरला होता, तो त्याला दाखवा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त काम करेल.

2022 ला रशियावर बंदी घातली ना, मग रशियाचा नेपोम्निआशी कसा काय खेळत राहिला? – नववीतला खेळाडू, सिडको

मित्रा, बंदी आली ती संघावर. मार्च 2022 मध्ये फिडेने रशिया आणि बेलारूसचे राष्ट्रीय संघ निलंबित केले, पण खेळाडूंना स्वतःच्या नावावर खेळायची मुभा ठेवली, फक्त देशाच्या झेंड्याऐवजी फिडेच्या झेंड्याखाली. म्हणून तू ज्याचे डाव बघतोस तो खेळताना दिसतो. मला स्वतःला हे बरोबर वाटतं. झेंडा काढा, देशाचं गाणं वाजवू नका, पण माणसाला पटावरून उठवू नका. त्याच महिन्यात रशियाच्या 44 नावाजलेल्या खेळाडूंनी युद्ध थांबवा असं उघड पत्र आपल्याच राष्ट्राध्यक्षांना लिहिलं, त्यात नेपोम्निआशी पण होता. तिथे राहून असं लिहायला किती काळीज लागतं ह्याचा विचार कर.

ह्याच्या उलट रशियाचाच कार्याकिन. तो युद्धाच्या बाजूने जाहीर बोलला आणि फिडेने त्याच्यावर वैयक्तिक सहा महिन्यांची बंदी घातली, त्यामुळे त्याची कॅंडिडेट्स, म्हणजे जगज्जेतेपदाचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, हुकली, त्याच्या जागी चीनचा डिंग लिरेन आला, आणि पुढच्या वर्षी डिंग जगज्जेता झाला. इथे शिक्षा तो रशियन आहे म्हणून नव्हती, तो काय बोलला त्यावर होती. बोलण्यावर बंदी असावी का ह्यावर वाद घालता येईल आणि मला पण ते पूर्ण पटलेलं नाही, पण निदान ज्याने केलं त्यालाच भोगावं लागलं.

आणि एक गोष्ट तुला माहीत असायला हवी, त्या चेन्नईत महिला गटाचं सुवर्ण युक्रेनने जिंकलं. घरावर क्षेपणास्त्रं पडतायत, आणि त्या पाच जणी दोन आठवडे रोज पटावर बसतायत. शेवटच्या फेरीआधी आपल्या मुली आघाडीवर होत्या, अमेरिकेकडून हरल्या आणि कांस्यावर आल्या. मला त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं का बोलू, पण युक्रेनच्या पोरी पोडियमवर उभ्या राहिल्या तेव्हा टाळ्या मनापासूनच वाजवल्या.

सर, मी एसवायला आहे, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये खेळते. सौम्या स्वामिनाथनने इराणला जायला नकार दिला होता, मैत्रिणी म्हणतात देशासाठी खेळायची संधी सोडायला नको होती. तुम्हाला काय वाटतं? – कॉलेज रोड

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, 2018 ला आशियाई सांघिक स्पर्धा इराणमध्ये हमदानला होती आणि तिथे बायकांना डोक्यावर स्कार्फ सक्तीचा. पुण्याची सौम्या, 2009 ची ज्युनियर जगज्जेती, तिने फेसबुकवर स्पष्ट लिहिलं की ही सक्ती माझ्या मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे, आणि भारताच्या संघातून स्वतःचं नाव मागे घेतलं.

मला विचारशील तर तिने योग्य केलं. पण तिच्या जागी जी जाईल तिनेही काही चूक केली असं मी म्हणणार नाही, हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. सौम्याला कोणी सांगितलं नव्हतं जाऊ नको म्हणून. तिने स्वतः ठरवलं, किंमत पण स्वतःच मोजली, दुसऱ्या कोणाची संधी घालवली नाही. युक्रेनच्या अ‍ॅना मुझिचुकचं पण तसंच. 2017 ला जलद (रॅपिड) आणि अतिजलद (ब्लिट्झ) बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा सौदी अरेबियात रियाधला होती, तिच्याकडे दोन्ही जगज्जेतेपदं होती, बायकांवरच्या तिथल्या बंधनांमुळे ती गेलीच नाही आणि दोन्ही घरबसल्या गेली. लक्षात घे, पहिल्या क्रमांकाचं बक्षीस तिथे भरभक्कम होतं.

आता इराणच्या खेळाडूंचं बघ. तिथे सरकारचा दंडक की इस्रायलच्या खेळाडूसमोर बसायचंच नाही. अलिरेझा फिरौजा, त्या पिढीतला सगळ्यात गुणी पोरगा, 2019 च्या शेवटी मॉस्कोच्या जागतिक रॅपिडला इराणने आपले खेळाडू पाठवायचे नाहीत असं ठरवलं तेव्हा तो फिडेच्या झेंड्याखाली खेळला, रौप्य मिळवलं, आज तो फ्रान्सकडून खेळतो. सोळा वर्षांचा होता तेव्हा. न खेळणं हे वरून दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण एकीकडे सौम्याचा निर्णय आहे आणि दुसरीकडे दुसऱ्याचा हुकूम. मैत्रिणींना हा फरक सांग, आणि तुझ्यावर वेळ आली तर आईबाबांशी बोल, कोचशी बोल, पण ठरव तूच.

खेळात राजकारण आणू नये असं आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं. पूर्वी हे असं नव्हतं, हल्लीच वाढलंय. आपले मत काय? – निवृत्त शिक्षक, पंचवटी

सर, नमस्कार. तुमच्या भावनेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पूर्वीही होतं, आणि आजच्यापेक्षा भयंकर होतं.

1939 चं अर्जेंटिनातलं ब्यूनस आयर्सचं ऑलिंपियाड घ्या. युरोपातले बरेचसे संघ अँटवर्पहून एकाच जहाजाने निघाले, पिरिआपोलिस नाव त्या जहाजाचं. म्हणजे जर्मन, पोलिश, फ्रेंच, पॅलेस्टाईनचे ज्यू खेळाडू, सगळे एकाच डेकवर, एकाच पंगतीत जेवत अटलांटिक पार करून गेले. ऑगस्टच्या शेवटी स्पर्धा सुरू झाली, आणि 1 सप्टेंबरला, स्पर्धा अर्ध्यावर असताना, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. इंग्लंडचा संघ अंतिम फेरीसाठी पात्र ठरला होता, तो तसाच उठून मायदेशी निघाला. बाकीच्यांनी खेळायचं ठरवलं, पण जर्मनी-पोलंड, जर्मनी-फ्रान्स, जर्मनी-पॅलेस्टाईन असे काही सामने खेळलेच गेले नाहीत, न खेळता दोन-दोन अशी बरोबरी लिहून टाकली. मी क्लासमध्ये पोरांना त्या स्पर्धेचं गुणपत्रक फळ्यावर काढून दाखवतो. पहिला जर्मनी 36, दुसरा पोलंड साडेपस्तीस. अर्धा गुण! आणि ज्या दोन देशांत तो अर्धा गुण, त्यांचा आपसातला सामनाच झालेला नाही. पोरं गप्प होतात ते बघून.

त्याच वेळी तिथे महिलांची जागतिक स्पर्धा पण होती. सोन्या ग्राफ ही म्युनिकची, नाझी सरकारशी तिचं पटेना, तर ती कुठल्याच देशाकडून नाही, ‘लिब्रे’ म्हणजे मुक्त अशा नावाखाली खेळली आणि दुसरी आली. म्हणजे बिनदेशाचा झेंडा 2022 ला निघाला असं जे लोक म्हणतात ते काही खरं नाही.

स्पर्धा संपल्यावर बरेच जण परत गेलेच नाहीत. जर्मन संघातला एलिस्कासेस राहिला, स्वीडनचा स्टालबर्ग राहिला, आणि पोलंडचा मिगेल नायदोर्फ राहिला. तो ज्यू होता, बायको, लेकरू, आईवडील, भावंडं सगळी पोलंडमध्ये, आणि ती सगळी मारली गेली. त्याला काही कळायला मार्ग नव्हता. मग त्याने पट न बघता एकाच वेळी खूप लोकांशी खेळायचे विक्रम सुरू केले, 1947 ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला 45 पटांवर, त्यातले 39 जिंकला. कशासाठी, तर विक्रमाची बातमी जगभरच्या पेपरात छापून येईल आणि कुठेतरी आपल्या घरातलं कोणी जिवंत असेल तर त्याच्या वाचनात येईल. कोणाचंच उत्तर आलं नाही.

सर, माझ्या क्लासमधला दहा वर्षांचा पोरगा सिसिलियन ओपनिंग खेळताना पाचव्या चालीला कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवतो, ए-सहा, आणि नोटेशन शीटवर वेड्यावाकड्या अक्षरात लिहितो, आणि विचारलं तर पटकन सांगतो, ‘नायदोर्फ आहे सर’. त्याला ते एका ओपनिंगचं नाव म्हणून माहीत आहे. मी त्याला माणूस सांगितला त्या दिवशी त्याने घड्याळ थांबवलं आणि विचारलं, मग पुढे? मी सांगितलं की तो अर्जेंटिनाचा झाला, अर्जेंटिनाकडून ऑलिंपियाड खेळला, म्हातारपणापर्यंत खेळत राहिला.

1976 चं पण थोडक्यात सांगतो. ऑलिंपियाड इस्रायलला हैफाला होतं, सोव्हिएत संघ आणि अरब देश गेले नाहीत, उलट लिबियाने त्याच दिवसांत त्रिपोलीला वेगळीच स्पर्धा भरवली. तिथे एल साल्व्हादोर पहिला, पाकिस्तान तिसरा. हैफाला अमेरिका जिंकली. इस्रायलला त्याने काय फरक पडला? पण 1952 पासून प्रत्येक ऑलिंपियाड जिंकणारा सोव्हिएत संघ जगाला बघायला मिळाला नाही.

तेव्हा सर, ‘राजकारण आणू नये’ हे मुलांना सांगाच, पण त्याबरोबर हेही सांगा की ते येतं, न बोलावता येतं, आणि आलं की आपण काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं.

आमच्या सोसायटीत मुलांची विंग विरुद्ध विंग टीम स्पर्धा आहे, चार बोर्ड. पार्किंगवरून दोन घरांत भांडण झालंय आणि एका घरचे म्हणतात आमचा मुलगा त्यांच्या मुलासमोर बसणार नाही, पेअरिंग बदला. बदलावं का? – आयोजक, नाशिक रोड

नाही, बदलू नका. पेअरिंग बोर्डाच्या क्रमाने लागतं, ते तसंच राहू द्या. एकदा बदललंत की पुढच्या फेरीत आणखी दोन घरं येतील.

पण आईवडिलांना मध्ये न घेता त्या मुलाला बाजूला बोलवा आणि विचारा की तुला खेळायचंय का. तो स्वतः नाही म्हणाला तर त्याचा राखीव खेळाडू बसवा, कोणी काही बोलायचं नाही. हो म्हणाला, आणि माझा अनुभव आहे की बहुतेक वेळा हो च म्हणतात, तर बसवा. डाव सुरू झाला की दोन्हीकडच्या पालकांना हॉलच्या बाहेर चहा द्या आणि दार लावून घ्या. घड्याळं नसतील तर क्लासमधली चार डिजिटल घड्याळं देतो, शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा.