साठ हजारांत जुनी मारुती ८०० घेऊन घरीच नीट करायची आहे, गाडीचं काम येत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला राहता, पान्याला कधी हात लावलेला नाही, जवळ साठेक हजार आहेत आणि गाडी नीट झाली की थोडी मॉडिफाय पण करायची आहे. गाडी बरोबर निवडलीत. फक्त सगळे साठ हजार गाडी घेण्यातच घालू नका. तीस-पस्तीसपर्यंत उभी असलेली, चालू होणारी गाडी बघा आणि उरलेले पैसे घरात कोणाला न सांगता बाजूला ठेवा. ते लागणारच आहेत.

८०० का, तर ती डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती आणि तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतो. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, बॉनेट उघडलं की हात घालायला जागा. कोणी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर दाखवून मोहात पाडेल. दिसायला त्या देखण्याच, पण एका रबरासाठी महिनाभर फोन करत बसावं लागतं. त्या दुसऱ्यांदा घ्यायच्या गाड्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. नवखा माणूस गाडी बघायला गेला की आधी चावी मारतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. इंजिन सगळ्यात शेवटी बघा. आधी पत्रा, मग कागद. आमच्या ओळखीचे एक जुने मिस्तरी म्हणतात, ‘पत्रा दखी ले भो, इंजन ते व्हई जाई.’ म्हणजे पत्रा बघून घे भाऊ, इंजिन तर होऊन जाईल. ८०० चं इंजिन उतरवून रिंगा-बेअरिंग टाकणं कुठल्याही बऱ्या गॅरेजला जमतं आणि खर्चाचा अंदाज आधी येतो. सडलेल्या फरशीचा अंदाज कोणालाच येत नाही. वेल्डर एक भोक भरायला घेतो, तर शेजारचा पत्रा कागदासारखा फाटत जातो.

इथे आपण नशीबवान आहोत. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांचं पोट खालून खाल्लेलं असतं, आपल्याकडे हवा कोरडी आहे. म्हणून मुंबईहून ‘स्वस्तात’ आलेली गाडी टाळा. एमएच-१९, एमएच-१८ किंवा एमएच-३९ ची (जळगाव, धुळे, नंदुरबार), इथेच वापरलेली गाडी शोधा. पण आपल्याकडचे रोग वेगळे आहेत, ते ओळखायला शिका. शेतकऱ्याची गाडी असेल तर डिकीतली चटई उचला. त्या डिकीतून वर्षानुवर्षं खताच्या गोण्या गेलेल्या असतात. सांडलेलं खत ओलावा धरतं आणि पत्रा खातं. कोपऱ्यात पांढरे दाणे आणि त्यांच्याखाली फुगलेला रंग दिसला, तर स्टेपनीची जागा खालून हाताने चाचपून बघा. दुसरं, मडगार्डच्या आत चिकटलेली काळी माती. पावसाळ्यात थापली गेलेली ती माती दिवाळीनंतरही आतून ओली असते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा आणि मग ठोकून आवाज ऐका.

सोबत फ्रिजवर लावतात तसलं एक चुंबक न्या. पातळ फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही आणि मालक चिडत नाही. दारांच्या खालच्या कडा, रनिंग बोर्ड (दाराखालची लांब पट्टी), पुढच्या काचेच्या खालचे कोपरे, मागच्या चाकांवरची गोलाई, असं हळूहळू फिरवायचं. चांगल्या पत्र्यावर ते खेचून धरतं. जिथे आत पुट्टी भरली आहे तिथे घसरून पडतं. हाताच्या तळव्याएवढी एखादी जागा चालेल. रनिंग बोर्डभर घसरत गेलं, तर चहा प्या आणि घरी या. आत बसून पायाखालचा गालिचाही उचला. बॅटरीचा ट्रे अ‍ॅसिडने खाल्लेला असतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो बदलता येतो.

कागदांचं. खेड्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्या वारलेल्या आजोबांच्या नावावर किंवा शंभराच्या स्टॅम्पवर तिसऱ्याच माणसाला विकलेल्या असतात. आरसीवर नाव असलेला माणूस समोर उभा राहून फॉर्म २९ आणि ३० वर सही करत असेल तरच पुढे बोला. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ वर स्वतःच्या नावावर करून घ्यावी. ते काम ‘तुम्हीच करून घ्या’ असं म्हणाले तर नको म्हणा. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा, खडूने घासला की अंक उठून दिसतात.

दिल्लीतला पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे खासगी गाडीला लागू नाही, ही भीती काढून टाका. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, सोबत पर्यावरण कर लागतो. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० आहे आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. तुम्ही बघाल त्या बहुतेक गाड्या वीस वर्षांवरच्याच असतील. तेव्हा पासिंग संपलेली गाडी स्वस्त वाटत असेल, तर हे पैसे आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट किमतीत मिळवून मगच भाव करा.

एवढं जमलं की इंजिन. मालकाला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. गार असताना ऑइलचं झाकण काढा. आतून दुधाळ चहासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. रेडिएटरचं झाकण गार असतानाच काढून गाडी चालू करा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. यातलं काहीही असलं तरी पत्रा चांगला असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त भाव पाडा.

गाडी दारात आली की रंगाचं नाव काढू नका. पहिलं काम पाण्याचं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा तापलं की वाकतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या (आतल्या नळ्या सळईने साफ करणं), सगळे होज आणि क्लॅम्प नवे टाका, बोअरचं खारं पाणी न घालता कूलंट भरा. पंखा आपोआप चालू होतो का ते उभ्या गाडीवर तपासा. बरेच मिस्तरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात, ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणतात. ऐकू नका. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापतच नाही, थंडीत चोक सोडवत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. टायमिंग बेल्ट किती चाललाय हे मालकाला विचारूच नका, नवा टाका.

मग ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागची चाकं काढा. ड्रमच्या आत ब्रेक शू ढकलणारा छोटा व्हील सिलिंडर असतो, त्याच्या रबरी टोपीखाली ओल दिसली तर तो बदला, शू पण जोडीनेच बदला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला घरातलं कोणी तरी पेडलवर बसवा. ‘मार, मार, मार, दाबून धर’ म्हणायचं, चाकामागचं निपल (हवा काढायचा बारीक स्क्रू) पाव फेरा सैल करायचं, नळीतून फेसाळलेलं ऑइल बाटलीत उतरतं, निपल आवळायचं, मग ‘सोड’. आवळायच्या आधी पाय सुटला की हवा परत आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी मारा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) विकत घ्या, गोटी पाना सेटच्या आधी.

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं वीस टक्केवालं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इंजेक्शन गाडीला चालणाऱ्या दर्जाचे टाका. वर्षभर उभी असलेली गाडी असेल तर टाकी उतरवून धुवा, नाहीतर तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसेल. कार्बोरेटर उघडण्याआधी प्रत्येक बारीक पाइपचा मोबाइलवर फोटो काढा. २००० नंतरची इंजेक्शनवाली मिळाली तर ही कटकट नाही, पण शिकायला कार्बोरेटरच बरा, असं माझं मत.

रंग स्वतः करू नका. घासाई तुम्ही करा, स्प्रे पेंटरला द्या. आरसीवरचाच रंग ठेवा, बदलला तर तशी नोंद करावी लागते.

मॉडिफिकेशनबद्दल तुमची निराशा करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. छत कापणं, परवानगीशिवाय दुसरं इंजिन बसवणं, हे सगळं त्यात आलं. पुढे लोखंडी गार्ड लावायला २०१७ पासून बंदी आहे. फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरने फक्त हवालदार ओळखीचा होतो. रुंद चाकं बसवलीत तर टायर मडगार्डला घासेल आणि पॉवर स्टीअरिंग नसल्याने पार्किंगमध्ये खांदे भरून येतील.

करण्यासारखं तरीही बरंच आहे. हेडलाइटला रिले टाका (म्हणजे करंट बॅटरीतून थेट बल्बला जातो), साध्याच बल्बचा उजेड बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल, कारण जुन्या वायरिंगमध्ये बराच करंट वाटेतच मरतो. जास्त वॅटचा बल्ब मात्र नको, होल्डर वितळतो. छताला आणि दारांना आतून उष्णतारोधक शीट चिकटवा. आपल्या उन्हात हा सगळ्यात उपयोगी बदल. सीट कुशनवाल्याकडून नव्याने भरून घ्या, नवे शॉकअप टाका. ही कामं करणारे हात धुळ्याला भरपूर मिळतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, ट्रकवाल्यांमुळे वायरमन, रेडिएटरवाले, कुशनवाले पिढ्यान् पिढ्या बसलेत. अमळनेरहून ते जळगावपेक्षा जवळही पडतं.

सगळं झाल्यावर लगेच चाळीसगावजवळचा औट्रम घाट गाठू नका. आधी गावातच भर दुपारी अर्धा तास नुसती चालू ठेवून तापमानाच्या काट्याकडे बघा, मग धुळ्यापर्यंत जाऊन या आणि परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर कुठे आणि कसले डाग पडलेत, त्यावरून पुढच्या रविवारचं काम ठरेल.