हलकं काडतूस हवंय, पण निम्मी दारू भरू नका

तुम्ही विचारलंय की १४ वर्षांच्या मुलीला थर्टी-ऑट-सिक्स रायफलचा धक्का सोसत नाही, घरात एच-४८३१ या बंदुकीच्या दारूचा डबा आहे, पुस्तकातल्या आकड्याच्या निम्मी दारू भरली तर चालेल का? दारू कमी म्हणजे दाबही कमीच ना?

कृपा करून भरू नका. आधीच भरली असतील तर ती काडतुसं उडवू नका, गोळ्या उपसून दारू बाहेर काढा. मी २० वर्षं घरी काडतुसं भरतोय आणि हा प्रश्न आला की मला काळजी वाटते, कारण वरवर पाहता तुमचा तर्क अगदी सरळ आहे.

बिनधुराच्या दारूचं जळणं दाबावर अवलंबून असतं. दाब वाढला की ती भराभर जळते, दाब पुरेसा झाला नाही तर अर्धवट जळते. एच-४८३१ ही सावकाश जळणारी दारू. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, जवळजवळ भरलेली असेल तेव्हा तिचं काम व्यवस्थित चालतं. तीच निम्मी भरली की ती आडव्या पुंगळीत तळाशी पसरते आणि वर मोकळी पोकळी राहते. भुशाची शेगडी आठवा. भुसा गच्च ठासला तर तासन्‌तास संथ जळतो, तोच सैल पसरून वरून ज्योत फिरवली तर भडकतो. प्रायमरची (पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीची) ज्योत त्या पसरलेल्या दारूवरून एकदम धावते, गोळी थोडी सरकून नळीच्या आट्यांच्या (आतल्या पिळदार खाचांच्या) तोंडाशी अडकते आणि मागे दाब अचानक चढतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. प्रयोगशाळेत हे हवं तेव्हा घडवून दाखवता येत नाही, म्हणून कारणावर मतभेद आहेत. पण मोठ्या पुंगळीत सावकाश दारू फार कमी भरल्यावर रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि दारू बनवणारेही अशी कपात करू नका असं सांगतात. एच-११० या दुसऱ्या एका दारूच्या बाबतीत तर ती विकणारी हॉजडन कंपनी ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका म्हणते.

दुसरा धोका जास्त नेहमीचा आहे: गोळी नळीतच अडकणं. माझ्या हातून हे झालंय. थर्टी-एट स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी मी तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांवर शिशाच्या गोळीइतकीच हलकी दारू भरली होती. आवरणाची गोळी नळीत जास्त घासते, एवढं मला कळायला हवं होतं. चौथ्या बाराला ‘धाड’ऐवजी नुसतं ‘फट’ झालं, हाताला धक्काच जाणवला नाही. मी सवयीने पुढचा चाप ओढणार, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ‘थांब!’ म्हणून ओरडून हात आडवा केला. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीतून पाहिलं तर उजेड दिसेना. गोळी तोंडापासून दोन बोटं आत बसली होती. पितळी दांडा घालून ती ठोकून काढली. पुढचा बार गेला असता तर नळी फुगली असती, फुटलीही असती.

म्हणून मुलीला पहिल्याच दिवशी हे शिकवा: आवाज वेगळा आला, धक्का कमी लागला किंवा कागदावर भोक दिसलं नाही, तर थांबायचं. चाप ओढूनही काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद वाट पाहायची, कारण कधीकधी बार उशिरा होतो.

तिसरा धोका भरण्याच्या टेबलावरचा. थर्टी-एट स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, १८९८ ची, त्यामुळे आत जागा भरपूर. त्यात बुल्सआय नावाच्या दारूचे २.७ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) म्हणजे नुसती चिमूट. चुकून दोनदा पडली तरी उतू जात नाही, कळतही नाही. मी ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो, सगळ्यांत दारू पडली की विजेरी मारून एकेकीत डोकावतो आणि मगच गोळ्या बसवायला घेतो. त्या वेळी फोन बंद, गप्पा बंद.

आता तुमच्या मुलीचं. थर्टी-ऑट-सिक्ससाठी एच-४८९५ ही दारू घ्या. हॉजडनने स्वतःच मुलांसाठीच्या हलक्या काडतुसांचा नियम दिलाय: त्यांच्या तक्त्यात त्या पुंगळीला आणि त्या गोळीला एच-४८९५ ची जी कमाल मात्रा असेल, तिच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. समजा कमाल ५० ग्रेन असेल, तर ३०. तक्त्यात ही दारू नसेल तर हा नियमही नाही. आयएमआर-४८९५ वेगळी दारू आहे, तिला हा नियम लावू नका. आकडे इतके सारखे असतात की टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा. तुमचा ४८३१ कपाटात जाऊ दे.

गोळी हलकी घ्या, १२५ ग्रेनची. धक्का त्यानेही बराच उतरतो. दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकवायचा भाग, मुलीच्या हाताच्या मापाचा हवा, मागे जाड रबरी गादी हवी. लांब दस्त्यामुळे खांदा जास्त दुखतो, हे मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत पाहिलंय.

सुरुवातीला दहाच काडतुसं भरा आणि आधी स्वतः उडवा. पाच वेळा नळी आकाशाकडे करून हळूच लक्ष्यावर आणा, पाच वेळा जमिनीकडून वर आणा, म्हणजे दारू एकदा मागे, एकदा पुढे जाईल. गोळीच्या वेगमापकावरचे दोन्ही आकडे लिहा. फरक मोठा आला तर मात्रा थोडी वर न्या, पुन्हा दहा भरा. दोन्हीकडून वेग सारखा आला की मगच रायफल तिच्या हातात द्या.