पाचटाचा धूर, कोळशाचा धूर

प्रश्न (शिरोळ) : हिमयुगं पूर्वीही आली-गेली. मग आताची तापमानवाढ सूर्यामुळे नाही, माणसामुळेच, हे कशावरून?

उत्तर : हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे येतात, आणि त्याला हजारो वर्षं लागतात. आताची वाढ दीड शतकातली आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच घडतं : खाली तो उष्णता अडवतो, वर विरळ हवेत तोच ती अवकाशात सोडून देतो.

हा वायू कोळसा-तेलाचाच, याचीही खूण सापडते. झाडापानांत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार असतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात त्याचा मागमूस उरत नाही. त्यामुळे कोळसा जळतो तसं हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४चं प्रमाण पातळ होत जातं. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या पुढे आहे.

वाद आहे तो दुसरीकडे. हे प्रमाण दुप्पट झालं तर पृथ्वी किती तापेल? १९७९ साली अंदाज होता दीड ते साडेचार अंश. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालात तो अडीच ते चार अंशांवर आला. चाळीस वर्षांत एवढीच प्रगती, कारण ढग! ते सावलीही देतात आणि पांघरूणही घालतात.

प्रश्न (कोल्हापूर शहर) : २०१९ आणि २०२१चे महापूर तापमानवाढीमुळेच आले का?

उत्तर : एकेका पुराबद्दल नुसतं हो-नाही म्हणता येत नाही. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून मोठे पाऊस आणखी मोठे होतात. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून किती चढेल, हे धरणांचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं आणि रस्त्यांचे भरावही ठरवतात.

प्रश्न (करवीर) : पाचटातला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यातला, कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला. जाळला तरी पुढचा ऊस तो परत घेणारच. मग बिघडलं कुठे?

उत्तर : हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. जळताना मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही निघते. ती ऊस परत घेत नाही. शिवाय हेक्टरी ८-१० टन पाचटात ४०-५० किलो नत्र असतं. त्यातलं बहुतेक धुरातून जातं.

तोडणीनंतर बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि पाचट सरीत पसरा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारं १० किलो जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून पसरा आणि लगेच पाणी द्या. युरिया वगळला तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस, पिवळा पडतो : पाचटात कार्बन भरपूर, नत्र थोडं, म्हणून जिवाणू कमी पडलेलं नत्र जमिनीतून ओढतात. बेसुमार टाकला तर त्यातल्या काही नत्राचा नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. ओल तुटली तर पाचट तसंच वाळून राहतं. मग शेजारच्या बांधावरची एक ठिणगी पुरते. नदीकाठच्या पूरपट्ट्यात उशिरा तुटलेल्या फडाचं पाचट मातीआड दाबाच, मोकळं ठेवलं तर पहिल्याच पुरात तरंगून जाईल.