ज्यू आणि अरबांचं वैर खरंच हजारो वर्षांचं आहे का?

तुम्ही विचारलंय, की अब्राहमच्या दोन मुलांपासून, म्हणजे ज्यूंचा मूळपुरुष मानला जाणारा इसहाक आणि अरबांचा मानला जाणारा इश्माएल यांच्यापासून, ही भाऊबंदकी चालत आली हे खरं का. गोष्ट रंगतदार आहे, पण नाही. रत्नागिरीकडे कूळकायद्याच्या केसेस चालवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे भांडण दिसलं की मी आधी कागद मागतो, ही खोड समजा. पण या भांडणाचं मूळ मला धर्मग्रंथापेक्षा जमिनीच्या दप्तरातच जास्त सापडलं.

धर्माचं आधी उरकतो. सातव्या शतकात मदिनेत पैगंबर आणि तिथल्या ज्यू टोळ्या यांच्यात रक्तपात झाला. पुढे मुसलमानी राज्यांत ज्यू जिझिया, म्हणजे बिगर-मुसलमानांवरचा कर, भरून दुय्यम प्रजा म्हणून राहिले, १०६६ मध्ये ग्रॅनाडात त्यांची कत्तलही झाली. पण मैमोनिडीस हा थोर ज्यू पंडित इजिप्तचा सुलतान सलाउद्दीन याच्या दरबारी वैद्य होता, आणि १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा आसरा दिला तो ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतानाने. युरोपात ज्यूंचे जे हाल झाले त्यापुढे हे बरंच म्हणायचं.

आता कागद. १८५८ मध्ये ऑटोमन सरकारने जमीन कायदा करून नोंदणी सुरू केली. पॅलेस्टाईन तेव्हा याच तुर्की राज्यात होतं. तिथला शेतकरी नाव लावायला घाबरला. नाव लागलं की कर आला, शिवाय पोराला सैन्यात ओढतील ही धास्ती. मग कित्येक गावांची जमीन शहरातल्या धनिकांच्या नावावर चढली. बैरुतच्या सुरसुक घराण्याने तर १८७० च्या दशकात उत्तर पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातली गावंच्या गावं घेतली. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको: कसतंय कूळ, कागदावर खोत. खोत बदलला तरी कूळ जागच्या जागी, अशीच तिथलीही समजूत होती.

तेवढ्यात १८८१ मध्ये रशियात झारचा खून झाला आणि राग निघाला ज्यूंवर. दंगलींतून पळालेले बहुतेक अमेरिकेला गेले, थोडे पॅलेस्टाईनला आले. त्यांनी जमीन लुटली नाही, पैसे मोजून घेतली. पण हा नवा मालक वाटा घेऊन गप्प बसणारा नव्हता, त्याला स्वतः कसायचं होतं. पेताह तिकवा या वसाहतीवर मार्च १८८६ मध्ये शेजारच्या यहुदिया या अरब गावाने हल्ला केला. गावकऱ्यांची जमीन आधी सावकारांकडे गेली होती, तिथून ती वसाहतीकडे आली. खरेदीखत पक्कं होतं. गावाच्या लेखी मात्र जमीन अजून त्यांचीच. असे खटले मी इतके पाहिलेत, की दोन्ही बाजू मनापासून खरं बोलत असणार याची मला खात्री आहे.

पुढे १९०१ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये जमिनी घेण्यासाठी ज्यू राष्ट्रीय निधी स्थापन झाला. त्याने घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, असा नियम. नंतर आलेल्यांनी तर मजूरही ज्यूच हवा असा आग्रह धरला. म्हणजे कुळाची जमीन गेली आणि मजुरीही गेली.

१९१० मध्ये सुरसुकांनी अल-फुला गाव विकलं, सुमारे १० हजार दुनम म्हणजे अडीच हजार एकर. नाझरेथचा कैमकाम, आपल्याकडचा प्रांत म्हणा, शुक्री अल-असली याने दस्त द्यायलाच नकार दिला. त्याने वर्तमानपत्रांत लेख लिहिले, तेही ‘सलाउद्दीन’ या नावाने, कारण सलाउद्दीनने क्रुसेडरांकडून, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून, घेतलेल्या गढीचे अवशेष त्याच गावात होते. वरून हुकूम आला, कुळं उठली, आणि १९११ मध्ये तिथे मेरहाविया वसाहत उभी राहिली. एका गावची तक्रार आता साऱ्या अरबांची होऊ लागली होती.

मग इंग्रज. पहिलं महायुद्ध चालू असताना ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर याच्या २ नोव्हेंबर १९१७ च्या पत्रात ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ कबूल केलं गेलं. जवळजवळ नव्वद टक्के असलेल्या अरबांचं त्यात नावही नाही, ‘ज्यूंव्यतिरिक्तचे समाज’ एवढाच उल्लेख. त्यांना नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी दिली, राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. मसुदा लिहिणाऱ्याला शब्दांची किंमत चांगली ठाऊक होती, एवढंच म्हणतो. त्याआधीच अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून तुर्कांविरुद्ध उठवलं होतं, ते वेगळंच.

तुमचा अब्राहम या भांडणात उतरला तो १९२९ मध्ये. जेरुसलेमची पश्चिम भिंत ज्यूंना आणि मुसलमानांना दोघांनाही पवित्र; तिच्यावरून तंटा पेटला आणि ऑगस्टमध्ये हेब्रॉनला ६७ ज्यू मारले गेले. दोन्ही धर्म जिथे अब्राहमची कबर मानतात, तेच हे गाव. मेलेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली, अरबी बोलणारी माणसंही होती. आणि जे वाचले, त्यांतल्या अनेकांना अरब शेजाऱ्यांनीच आपल्या घरात लपवलं होतं.